६१७४: देवळालीच्या मास्तरांचा आकडा

आज फोनचा कॅल्क्युलेटर उघडूनच ऐका. (बाइक चालवत असाल तर नंतर!)

चार अंकी कुठलीही संख्या घ्या. एकच अट, चारही अंक सारखे नकोत. मी घेतो १९०५. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९५१०. मग चढत्या क्रमाने, ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा: ९३५१. आता या उत्तराचं पुन्हा तेच करा. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४! तुमच्या संख्येचंही हेच होईल, आणि तेही जास्तीत जास्त सात पायऱ्यांत.

१९०५ मी उगाच नाही घेतलं. ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं जन्मवर्ष. जन्म डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये गणितासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं. पण पुढची पदवी नाही, संशोधनाची नोकरी नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ची ही गंमत त्यांनाच सापडली.

मी कॉम्प्युटरवाला माणूस, त्यामुळे हे वाचल्यावर पहिलं काम म्हणजे कोड लिहिला. १००० टाकलं आणि उत्तर आलं शून्य! म्हटलं, सापडली की मास्तरांची चूक. चूक अर्थात माझीच होती. १००० वजा ०००१ म्हणजे ०९९९, आणि माझ्या कोडने पुढचं शून्य खाल्लं होतं. ते परत लावल्यावर सगळ्या ९,९९० संख्या एका सेकंदाच्या आत ६१७४ला पोचल्या.

झालं? नाही ना. पोचतात हे कळलं, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस एवढ्या संख्या तपासणार कशा?

इथे खरी मजा आहे. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड समजा. वजाबाकी सोडवली की उरतं ९९९ × (अ−ड) + ९० × (ब−क). म्हणजे अंक कोणते याने फरकच पडत नाही! लागतात फक्त दोन अंतरं: बाहेरच्या दोन अंकांमधलं आणि आतल्या दोन अंकांमधलं. बाहेरचं अंतर १ ते ९. आतलं अंतर शून्यापासून बाहेरच्या अंतराएवढं, त्याहून जास्त होऊच शकत नाही. मोजा: २ + ३ + ४ असं करत १० पर्यंत. बेरीज ५४.

म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ९,९९० संख्यांची फक्त ५४ उत्तरं उरतात. ५४ तर एका रविवारी हातानेही तपासून होतात.

कापरेकरांनी असे बरेच आकडे शोधले. '४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ पुन्हा ४५' असले आकडे आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. १२१, १२३२१ या घराण्याला त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, कारण ती कल्पना सुचली डोंबिवली स्टेशनवर. लोकलची वाट बघताना आपण काय करतो ते सांगत नाही!

पण हे सगळं आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना पोरखेळ वाटायचं. पेन्शन पुरेना म्हणून निवृत्तीनंतर त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न मलाही पडला. खरं सांगायचं तर ६१७४वर कुठलं ॲप चालत नाही. पण आता ऑफिसात लूप लिहायच्या आधी मी एक मिनिट थांबतो आणि विचारतो, यातलं खरंच वेगळं किती आहे? ९,९९० की ५४?

जाता जाता गृहपाठ. तीन अंकी संख्यांनाही असाच एक शेवटचा मुक्काम आहे. शोधा आणि कळवा. आणि हो, आधी कागदावर. कोड नंतर!

भेटू पुढच्या भागात.