पहिलं संकेतस्थळ (लेखांक ३) : पहिलं पान हातानंच लिहा

गेल्या लेखात आपण पाहिलं, की पत्ता टाकल्यावर ब्राउझर सर्व्हरकडून एक फाइल मागवतो आणि ती वाचून पडद्यावर पान मांडतो. आता ती फाइल तयार करायची आहे. या लेखमालेसाठी आपण उदाहरण घेतलं आहे ते तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचं. वाचनालयाचं नाव, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, वर्गणी, नव्यानं आलेल्या पुस्तकांची यादी आणि पत्ता, एवढाच मजकूर. एवढ्या कामासाठी आज सोपे मार्ग पुष्कळ आहेत. तयार साच्यात मजकूर भरून देणाऱ्या सेवा आहेत, वर्डप्रेस आहे, आणि नुसती इच्छा सांगितली की कोड लिहून देणारी एआयची साधनंही आहेत. असं असताना साधं नोटपॅड उघडून एकेक टॅग, म्हणजे कोणता मजकूर काय आहे हे सांगणारी खूण, स्वतः लिहावा, हा सल्ला जुनाट वाटू शकेल. तरीही माझं मत ठाम आहे: आयुष्यातलं पहिलं पान हातानंच लिहावं, आणि मराठी मजकुराचं पान करणाऱ्यानं तर नक्कीच. पुढे काम कोणत्याही साधनानं केलं तरी चालेल.

पहिलं कारण असं, की एचटीएमएल ही पानं लिहिण्याची भाषा मुळातच सामान्य माणसानं लिहावी म्हणून लहान ठेवलेली आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत निरनिराळ्या देशांतले शास्त्रज्ञ येत असत. प्रत्येकाचा संगणक वेगळा आणि कागदपत्रं ठेवण्याची पद्धतही वेगळी. एकाची माहिती दुसऱ्याला सहज वाचता यावी, यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये एक प्रस्ताव मांडला आणि १९९०च्या अखेरीस पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालू केला. तो ब्राउझर पानं वाचण्याचं साधन होता तसाच पानं लिहिण्याचंही होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. १९९१मध्ये त्यांनी टॅगची जी पहिली यादी दिली, तिच्यात जेमतेम अठरा टॅग होते: शीर्षकं, परिच्छेद, याद्या, दुवे अशा स्वरूपाचे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे सगळं तंत्र कोणतंही शुल्क न घेता सर्वांसाठी खुलं केलं. आज टॅगची संख्या शंभरावर गेली आहे, पण वाचनालयाच्या पानाला त्यातले दहा-पंधरा पुरतात, आणि त्यातले बरेचसे त्या पहिल्या यादीतलेच आहेत. सर्ननं जतन केलेलं आरंभीचं पान आजच्या फोनवरही उघडतं. इतकी वर्षं टिकणारं ज्ञान संगणकाच्या क्षेत्रात फार थोडं आहे. एखाद्या सेवेचा साचा वापरायला शिकलात, तर ती सेवा बदलली की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. टॅगचं तसं होत नाही.

दुसरं कारण नवशिक्याच्या धीराशी जोडलेलं आहे. बहुतेक संगणकीय भाषांत एक कंस सुटला तरी सगळा कार्यक्रम अडतो, आणि शिकणारा तिथेच खचतो. एचटीएमएलमध्ये परिच्छेद बंद करायचा राहिला, तरी ब्राउझर अंदाज बांधून पान दाखवतो. ही मोकळीक बरोबर की चूक, यावर मोठा वाद झालेला आहे. २००० साली एक्सएचटीएमएल नावाचं शिस्तीचं रूप आलं. त्याच्या मूळ नियमाप्रमाणे चूक सापडली की पान दाखवायचंच नाही, चूक झाल्याचा संदेश तेवढा दाखवायचा. लेखकांना ते पेलवलं नाही, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीचं काम २००९मध्ये थांबवण्यात आलं. एचटीएमएल-५नं उलट मार्ग घेतला: चुका होणारच, तर कोणती चूक दिसल्यावर ब्राउझरनं नेमकं काय करायचं, हेच त्यात लिहून ठेवलं. म्हणून आज चुकीचं पानही सगळ्या ब्राउझरमध्ये जवळपास सारखंच दिसतं. शिकणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. चार ओळी लिहिल्या, फाइल जतन केली, ब्राउझरमध्ये पान ताजं केलं, की काहीतरी दिसतंच. मात्र पान दिसलं म्हणजे ते बरोबर आहे, असं समजू नये. चूक गप्प बसते, त्यामुळे ती शोधावी लागते. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा मोफत तपासनीस त्यासाठीच आहे, आणि पहिल्या दिवसापासून तो वापरायची सवय लावावी.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. अनेक जण म्हणतात, एचटीएमएल ही काही खरी प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हे, मग तिच्यावर वेळ का घालवायचा? तिच्यात अटी नाहीत, आवर्तनं नाहीत, गणित नाही, हे खरंच आहे. पण ती एक वेगळी आणि मोलाची शिस्त शिकवते: कोणता मजकूर काय आहे हे सांगण्याची. ‘नवीन पुस्तकं’ हे शब्द मोठे आणि ठळक केले, तर डोळ्यांना ते शीर्षक वाटतं. ब्राउझरच्या लेखी मात्र ती फक्त मोठी अक्षरं असतात. तेच शब्द शीर्षकाच्या टॅगमध्ये ठेवले, म्हणजे ते शीर्षक झालं. हा फरक पुस्तकी नाही. अंध वाचक पडदा ऐकून वापरतात. एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये इंग्रजी एच ही कळ दाबली, की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. टॅगनं शीर्षक केलेलं असेल, तर तो वाचक दोन कळांत पुस्तकांच्या यादीपाशी पोचतो. नुसती ठळक अक्षरं असतील, तर त्याला सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. शोधयंत्रालाही पानाची मांडणी याच खुणांवरून कळते. चित्राला पर्यायी वर्णन देणं, यादीला यादी म्हणणं, बटण असेल तिथे बटणाचाच टॅग वापरणं, ही सगळी त्याच शिस्तीची अंगं आहेत. जावास्क्रिप्टकडे धावण्याआधी ती अंगवळणी पडली पाहिजे.

मराठीच्या दृष्टीनं पाहिलं, तर हाताने लिहिण्याची गरज आणखी स्पष्ट होते, कारण बहुतेक तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. अगदी पहिल्या ओळीपासून पाहा. पानाची भाषा सांगणारा एक गुणधर्म सर्वांत बाहेरच्या टॅगवर असतो, आणि तयार सांगाड्यात तिथे सहसा इंग्रजी लिहिलेली असते. ती बदलून ‘एमआर’ म्हणजे मराठी करायची, दोन अक्षरांचं काम. ते न केल्यास स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजीचे उच्चार लावू पाहतो, आणि ब्राउझर मराठी पानाचं ‘इंग्रजीतून भाषांतर करू का’ असं विचारू शकतो. अक्षरांच्या वळणावरही याचा परिणाम होतो. राज्य शासनानं २००९ साली वर्णमाला निश्चित करताना मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. हिंदीतली त्यांची वळणं वेगळी आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्हींसाठी संकेतांक एकच आहे. काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असते, आणि पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं, तरच त्यातलं मराठी वळण उमटतं. म्हणजे आपल्या वळणाचा ल दिसणं कधी कधी त्या दोन अक्षरांवर अवलंबून असतं. दुसरी ओळ अक्षरसंचाची. तिथे यूटीएफ-८ लिहायचं, नाहीतर मराठीऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसण्याचा धोका असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळं विशिष्ट फॉन्टवर विसंबून होती. तो फॉन्ट संगणकावर नसला, की मजकूर वाचताच येत नसे, आणि शोधयंत्राला तर तो मराठी आहे हेही कळत नसे. असा कितीतरी मजकूर आज असून नसल्यासारखा झाला आहे, आणि ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

मग सजावटीचे नियम, म्हणजे सीएसएस. इंग्रजी साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडण्याची पद्धत आहे, आणि रोमन अक्षरांना ती शोभते. देवनागरीत त्याच नियमानं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. ओळींमधलं अंतरही असंच. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. रोमनला पुरणारं अंतर देवनागरीला अपुरं पडतं, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. साच्यात निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसली, तर ब्राउझर दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधून ती आणतो, आणि आकडे एका वळणाचे, मजकूर दुसऱ्या वळणाचा अशी विसंगती होते. या प्रत्येक दोषाला सीएसएसची एकेक ओळ पुरते. पण ती कोणती आणि कुठे लिहायची, हे ज्यानं एकदा तरी स्वतः पान लिहिलं आहे त्यालाच सापडतं. बाकीचे ‘मराठी वेबवर चांगली दिसतच नाही’ असं म्हणून सोडून देतात. दोष साच्याचा असतो आणि ठपका लिपीवर येतो.

यावर वर्डप्रेसच्या बाजूनं बोलणारे म्हणतील, की जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं त्यावर चालतात, मग ते टाळायचं कशाला? टाळू नयेच. वाचनालयाला दर आठवड्याला पुस्तकं नोंदवायची असतील, आणि ती ग्रंथपालांनी कोड न पाहता नोंदवायची असतील, तर वर्डप्रेस हीच योग्य निवड ठरेल. पण तिथेही साच्याची शिरोरेषा तुटणारच आहे, आणि ती जोडायला टॅग आणि सीएसएस वाचता यावं लागणार आहे. शिवाय वर्डप्रेस आणि त्याची जोडसाधनं वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात, तसं न केल्यास घुसखोरीचा धोका असतो. हाताने लिहिलेल्या दोन-तीन साध्या पानांना ही काळजी जवळजवळ नाहीच.

एआयचा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाचनालयाचं पान करून दे म्हटलं, की ही साधनं काही सेकंदांत दोनशे ओळी देतात, आणि त्या बहुधा चालतातही. मग शिकायचं कशासाठी? कारण त्या दोनशे ओळी बरोबर आहेत की नाही, हे ठरवायचं काम आपल्यावरच येतं. भाषेचा गुणधर्म मराठी आहे का, शीर्षकं खरी शीर्षकं आहेत का, वर्गणीचा आकडा मनानं घातलेला तर नाही ना, हे कोणीतरी वाचून पाहायलाच हवं. काय मागायचं हे कळायलाही थोडं ज्ञान लागतं: शिरोरेषा तुटते आहे हे दिसलं, पण अक्षरांमधलं अंतर नावाचा नियम असतो हेच ठाऊक नसेल, तर दुरुस्ती सांगणार कशी? माझा सल्ला असा, की पहिलं पान पूर्ण होईपर्यंत या साधनांना कोड लिहायला सांगू नये, लिहिलेला कोड समजावून द्यायला सांगावं. त्या कामात ती फार उपयोगी आहेत, आणि मराठीतून विचारलं तरी उत्तर देतात.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या उडवून लावणं अन्यायाचं होईल. टॅगची नावं इंग्रजी आहेत, आणि अनेक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नसतो, फोनच असतो. पहिली अडचण वाटते तेवढी मोठी नाही. दहा-पंधरा संक्षेप पाठ करायला इंग्रजी यावं लागत नाही, आणि टॅगमधला सगळा मजकूर मराठीत लिहिता येतो. दुसरी जास्त कठीण. फोनवर कोड लिहिण्याची ॲप आहेत, पण लहान पडद्यावर कंस आणि अवतरणचिन्हं लिहिणं कष्टाचं जातं. शाळेतला किंवा वाचनालयातला संगणक आठवड्यातून काही तास मिळाला, तर लेखन तिथे करावं आणि तपासणी फोनवर. तशीही ती तपासणी आवश्यकच आहे, कारण वाचनालयाचे सभासद पान फोनवरच पाहणार. फोनच्या रुंदीप्रमाणे पान बसवायला सांगणारी एक ओळ वरच्या भागात लिहावी लागते. ही पद्धत ॲपलनं २००७मध्ये आयफोनबरोबर आणली आणि पुढे सगळ्यांनी ती स्वीकारली. ती ओळ विसरली, तर फोन पानाला संगणकाच्या रुंदीचं समजतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

पान आपल्या संगणकावर नीट दिसलं, की ते प्रकाशित करायचं. गिटहब पेजेस किंवा निओसिटीज यांवर साधी पानं विनामूल्य ठेवता येतात. इथे फाइलींच्या नावांनी अनेकांना अडवलं आहे. विंडोजला इंग्रजीतलं लहान आणि मोठं अक्षर सारखंच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं ठरतात. त्यामुळे घरी दिसणारा वाचनालयाचा फोटो सर्व्हरवर गायब होतो. नावं पूर्ण लहान इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावीत. देवनागरी नावं चालतात, पण दुवा पाठवताना प्रत्येक अक्षराची आणि मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होऊ शकतात आणि पत्ता अगम्य दिसतो.

या आठवड्यात एवढं करा: एक शीर्षक, दोन परिच्छेद, वेळांचा तक्ता, पाच पुस्तकांची यादी आणि वर्णन दिलेलं एक चित्र असलेलं पान लिहा. तुमच्या गावातलं खरं वाचनालय घेतलंत, तर वेळा आणि वर्गणी तिथे जाऊन विचारून घ्या. पान डब्ल्यूथ्रीसीच्या तपासनिसाला दाखवून त्यानं सांगितलेल्या चुका दुरुस्त करून ठेवा. पुढच्या लेखात त्याच पानाला सीएसएस लावायचं आहे.