खांद्यातली सेंटिमीटरभर जागा

हात अंगालगत असतो तोवर काही दुखत नाही. तो बाजूने वर नेऊ लागलं की साधारण ६० अंशांपाशी कळ उठते, १२० अंशांपर्यंत छळते आणि हात पूर्ण वर गेला की बहुधा ओसरते. फळीवरचा डबा काढताना, बाहीत हात घालताना ती हमखास येते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. ‘शोल्डर इम्पिंजमेंट’ची ही ओळख.

आपल्या शरीरात खांद्याइतका मोकळा फिरणारा सांधा दुसरा नाही. ही मोकळीक मिळते, कारण दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याच्या हाडावरची त्याची खोबण मात्र अगदी उथळ असते. हात हलताना गोळा खोबणीत धरून ठेवतात ते ‘रोटेटर कफ’चे चार स्नायू. त्यांपैकी सुप्रास्पायनेटसची कंडरा ॲक्रोमियन या हाडाच्या छपराखालून जाते. छप्पर आणि गोळा यांच्यात जागा जेमतेम सेंटिमीटरभर. तिच्यातच ही कंडरा आणि घर्षण कमी करणारी बर्साची पिशवी. कफ थकला, कमजोर झाला, किंवा हाताबरोबर फरा नीट फिरला नाही, तर गोळा वर सरकतो आणि जागा आणखी आवळते. रंगारी, जलतरणपटू, बॅडमिंटनपटू यांना हा त्रास जास्त होतो, कारण त्यांचा हात पुन्हापुन्हा डोक्यावर जातो.

अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी १९७२ साली दोष या छपराला दिला. हाड कंडरेवर घासतं, म्हणून ते तासायचं. तर्क इतका सरळ होता, की ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. तिची खरी परीक्षा मात्र फार उशिरा झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट केले: काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं, काहींवर काहीच उपचार केले नाहीत. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की हाड तासण्याचा दुर्बिणीपेक्षा अधिक फायदा नाही आणि उपचार न घेतलेल्यांच्या तुलनेतही फरक नगण्यच. माझ्या मते दुखण्याचं मूळ हाडापेक्षा कंडरेच्या थकव्यात आणि तिच्यावर अचानक वाढलेल्या भारात शोधायला हवं. थकलेली कंडरा हळूहळू वाढवलेल्या भारानेच बळकट होते. त्यामुळे हात गळ्यात बांधून ठेवणं उलट नुकसानच करतं.

प्रत्येक खांदेदुखी म्हणजे इम्पिंजमेंट नव्हे. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर तो ‘फ्रोझन शोल्डर’ असू शकतो. मधुमेहींनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, तर कंडरा फाटल्याची शक्यता असते. खांद्याबरोबर छातीत दाब आणि घाम असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

एरवी शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कफ आणि फऱ्याचे व्यायाम निदान तीन महिने नेटाने करा.