भोजपूरला गेलात तर मान वर करा!

भोपाळपासून तीसेक किलोमीटरवर, बेतवाकाठी भोजपूर. राजा भोजाचं ११व्या शतकातलं, अर्धवट राहिलेलं शिवमंदिर. लोक साडेसात फुटी शिवलिंगाचा फोटो काढतात आणि निघतात! अहो, जरा वर बघा. चार अजस्र खांबांच्या माथ्यावर चार जोडपी आहेत: उमा-महेश्वर, लक्ष्मी-नारायण, सीता-राम आणि ब्रह्मा-सावित्री. ब्रह्मदेवाची देवळं तशी मोजकीच, इथे मात्र तो सपत्नीक हजर.

देवांचे संसारही प्रांतागणिक बदलतात: आपल्याकडे हाच महादेव खंडोबा होऊन म्हाळसा आणि बाणाई अशा दोघींचा संसार सांभाळतो. त्याचा मुलगा कार्तिकेय महाराष्ट्रात पक्का ब्रह्मचारी, तमिळनाडूत मात्र देवसेना आणि वल्ली यांचा नवरा!

भोजपूरला जाताना दुर्बीण घ्या. खांब ४० फूट उंच आहेत.