खोली भाड्याने घेताय? डिपॉझिटचं आधी कागदावर आणा

नंदुरबार : धडगाव, अक्कलकुव्याकडची पोरं शिकायला नंदुरबार, शहादा, तळोद्यात खोली घेतात. डिपॉझिट रोख देतात, पावती मागत नाहीत. खोली सोडताना रंगकाम, लाईटबिल सांगून पैसे कापले, तर हातात पुरावा काहीच नसतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काय सांगतो ते बघा. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची (कलम ५५). नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. भाडं घेतलं की लेखी पावती द्यावीच लागते (कलम २६). मालकाला खोली बघता येते, पण आधी कळवून आणि योग्य वेळी (कलम २८). खोली खाली करायला म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही (कलम २९). हा कायदा यादीतल्या भागांनाच लागू आहे, म्हणून आपलं गाव त्यात येतं का ते वकिलाला विचारा.

डिपॉझिट किती घ्यावं, याची मर्यादा मात्र या कायद्यात नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं आणि आत येण्याआधी २४ तासांची सूचना असं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

म्हणून डिपॉझिटची रक्कम, कशाचे पैसे कापणार आणि बाकी किती दिवसांत परत देणार, हे करारातच लिहून घ्या. पैसे बँकेतून किंवा मोबाईलवरून पाठवा. राहायला जाताना भिंती, नळ, मीटरचे फोटो काढून ठेवा.