अस्वलांच्या घरचे पाहुणे

मुलांनो, तुम्ही कधी तंबूत झोपला आहात का? डोक्यावर कापडाचे छप्पर, अंगाखाली सतरंजी आणि बाहेर रातकिड्यांची किरकिर! आपल्याकडे भंडारदऱ्याच्या किंवा पवनेच्या जलाशयाकाठी लोक असे तंबू ठोकून राहतात. कॅनडात तर उन्हाळा आला, की कितीतरी कुटुंबे असा मुक्काम करायला डोंगरांकडे निघतात. चला, आज आपणही त्यांच्याबरोबर जाऊ या.

कॅनडा हा उत्तर अमेरिका खंडातील देश. आकाराने तो जगात दुसरा आहे. पण तेथील लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. या देशाच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या उंच रांगा आहेत. कॅल्गरी शहरातून मोटारीने पश्चिमेकडे निघाले, की दीड-दोन तासांत आपण बॅन्फला पोहोचतो. येथे गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसे. १८८५ साली सरकारने हे झरे आणि त्यांच्याभोवतीची जागा राखून ठेवली. त्यातूनच कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान तयार झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून स्टोनी नाकोडा आणि इतर मूळ रहिवासी या डोंगरांत वावरत होते. आज हे उद्यान ६६४१ चौरस किलोमीटर पसरलेले आहे.

वाटेत रस्त्यावर एक रुंद पूल दिसतो. त्याच्यावर माती आहे, गवत आहे, झाडेही आहेत. हा पूल माणसांसाठी नाही बरे का! हरणे, लांडगे आणि अस्वले यांना मोटारींच्या वर्दळीतून रस्ता ओलांडता यावा, म्हणून तो बांधला आहे. या उद्यानात असे सहा पूल आहेत. रस्त्याखालून जाणारे भुयारी मार्ग तर आणखी कितीतरी आहेत.

बॅन्फपासून सुमारे साठ किलोमीटरवर लुईझ नावाचे सरोवर आहे. व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचे नाव त्याला दिलेले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. या सरोवराचे पाणी त्याहूनही अधिक उंचीवर आहे! आणि त्याच्या मागे उभे असलेले बर्फाचे डोंगर त्याहून कितीतरी उंच आहेत.

या सरोवराचे पाणी हिरवट निळे दिसते. कोणी रंग कालवला असेल, असेच वाटते. पण तसे नाही. वरच्या डोंगरात हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे अगदी हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रचंड थर. जात्यात धान्य दळले जाते, तसे या बर्फाखाली खडक दळले जातात. त्यांचे पिठासारखे बारीक कण पाण्याबरोबर सरोवरात येतात आणि पाण्यात तरंगत राहतात. त्यांच्यावर ऊन पडले, की पाण्याला हा सुंदर रंग येतो.

आता मुक्कामाच्या जागेवर जाऊ. येथे वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही. उद्यानाने जागा आखून दिल्या आहेत. प्रत्येक जागेला क्रमांक असतो. लाकडी मेज, बाके आणि बऱ्याच ठिकाणी शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. जागा आधीच राखून ठेवावी लागते. काही लोक कॅम्परव्हॅन घेऊन येतात. हे जणू चाकांवरचे घरच! त्यात झोपायला बिछाने, छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी असते. या गाड्यांतील सांडपाणी कोठेही ओतता येत नाही. ते ठरावीक ठिकाणी नेऊनच रिकामे करावे लागते.

जून महिन्यात येथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे जेवणे आटोपली, तरी बाहेर उजेडच असतो. जेवण झाल्यावर मात्र सगळ्यांची एकच धांदल उडते. भांडी धुऊन पुसून ठेवायची. उरलेले अन्न, पाव, फळे, एवढेच काय, साबण आणि दात घासायची पेस्टसुद्धा गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करायची. मेजावर खाण्याचा एक कणही ठेवायचा नाही. तंबूत बिस्किटाचा पुडा घेऊन झोपायचे तर नावच काढू नका!

असे का बरे? कारण हे अस्वलांचे घर आहे. येथे काळी अस्वले आहेत आणि त्यांच्याहून मोठी ग्रिझली अस्वलेही आहेत. त्यांचे नाक फार तीक्ष्ण असते. दूरवरूनही त्यांना खाण्याचा वास येतो.

हिवाळ्यात ही अस्वले गुहेत किंवा बिळात झोपून काढतात. त्याआधी त्यांना पोटभर खाऊन चरबी साठवावी लागते. त्यासाठी ती दिवसभर मुळे उकरतात, गवत खातात आणि रानफळे ओरबाडतात. अशा वेळी एखाद्या अस्वलाला माणसाचे आयते अन्न मिळाले, तर त्याला त्याची चटक लागते. त्याची माणसाबद्दलची भीती जाते. ते पुन्हा पुन्हा तंबूंकडे येऊ लागते. त्याला दूर नेऊन सोडले, तरी कधी कधी ते परत येते. मग माणसांच्या जिवाला धोका नको, म्हणून अखेर त्याला ठार करावे लागते. चूक माणसाची आणि जीव मात्र अस्वलाचा जातो!

पूर्वी येथे लोक मोटारी थांबवून अस्वलांना खाऊ घालत. उघड्या कचऱ्यावरही अस्वले येत. आता खाऊ घालण्यास बंदी आहे. कचऱ्याच्या पेट्याही अशा आहेत, की अस्वलाला त्या उघडता येत नाहीत. लुईझ सरोवराजवळच्या मुक्कामात तंबूंच्या भागाभोवती विजेच्या तारांचे कुंपण आहे. अस्वल त्याला शिवले, तर झटका बसतो आणि ते मागे फिरते. गंमत पाहा, प्राणिसंग्रहालयात प्राणी कुंपणात आणि माणसे बाहेर असतात. येथे माणसे कुंपणात असतात आणि अस्वले मोकळी फिरतात!

शेकोटीचेही नियम आहेत. जंगलातले लाकूड तोडायचे नाही. झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून ते पुरते विझवायचे. उन्हाळ्यात रान फार सुकले, तर शेकोटीला पूर्ण बंदी असते. जुलै २०२४ मध्ये उत्तरेकडच्या जॅस्पर राष्ट्रीय उद्यानात मोठा वणवा लागला. तो आकाशातील विजेमुळे लागला होता. त्यात जॅस्पर गावातील सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. कोरड्या रानात एक ठिणगीही किती नुकसान करते, हे यावरून कळते.

मुलांनो, कॅनडा खूप दूर आहे; पण माथेरान, महाबळेश्वर तर आपलेच आहे. तेथे माकडांना फुटाणे, वेफर्स देताना तुम्ही लोकांना पाहिले असेल. मग तीच माकडे हातातली पिशवी हिसकावतात आणि आपण त्यांनाच खोडकर म्हणतो. त्यांना ही सवय लावली कोणी?

पुढच्या सहलीत माकडाने तुमच्यापुढे हात पसरला, तर बॅन्फचे अस्वल आठवा आणि खाऊचा डबा दप्तरात नीट बंद करून ठेवा. रानात आपण पाहुणे असतो. पाहुण्याने घर पाहावे, आनंद घ्यावा आणि घरच्यांना त्रास न देता परतावे.