मिग-२१, बहात्तर पट लहान

होस्टेलवर कुणाच्या टेबलावर काय असावं याला काही नियम नाही. कुणाकडे गिटार, कुणाकडे मॅगीचं करपलेलं पातेलं, कुणाकडे गणपतीच्या तसबिरीशेजारी गेटची (न उघडलेली) पुस्तकं. माझ्या टेबलावर गेल्या सेमिस्टरमध्ये तीन महिने एक वीतभर लांबीचं विमान होतं. खोलीत येणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारायचा. पहिला, "उडतं का रे?" नाही, उडत नाही. दुसरा, "मग एवढा वेळ कशाला घालवतोयस?" याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

विमान होतं मिग-२१ बिस. मिग-२१ आपल्या हवाई दलात आलं १९६३ साली, चंदीगडला. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला निरोप दिला गेला तोही चंदीगडलाच. बासष्ट वर्षं! या विमानांपैकी पुष्कळशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, सोव्हिएत परवान्याखाली बनली. माझे मामा त्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या तोंडी 'बिस' हा शब्द कधी येत नाही, ते 'टाईप ७५' म्हणतात. निरोपाचा कार्यक्रम आम्ही त्यांच्या घरी टीव्हीवर पाहिला. या विमानाच्या अपघातांत किती तरुण वैमानिक गेले, हेही त्या दिवसांत सगळीकडे बोललं जात होतं. मामा काहीच बोलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर टीव्ही बंद केला आणि गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. त्याच दिवशी ठरवलं, मामांना एक टाईप ७५ बनवून द्यायचं.

भागिले बहात्तर

प्लास्टिकची मॉडेल किट्स ठराविक स्केलमध्ये मिळतात. विमानांसाठी १:७२ आणि १:४८ ही दोन सगळ्यात लोकप्रिय. हे विचित्र आकडे आले फूट-इंचातून. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, १:४८ म्हणजे चार फुटांचा एक इंच. मिग-२१ च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर आहे. भागिले ७२, म्हणजे ९९ मिलिमीटर. पावणेसहा फुटी पायलट होतो जेमतेम २४ मिलिमीटरचा.

इथपर्यंत सोपं आहे. पण मंडळी, खरी गंमत पुढे आहे. आपण सगळं ७२ ने भागतो, पण सगळ्याच गोष्टी भागल्या जात नाहीत. किटच्या प्लास्टिकची जाडी साधारण एक मिलिमीटर असते, कारण त्याहून फार पातळ भाग साच्यात नीट भरत नाहीत. आता उलट गुणा. १ × ७२ = ७२ मिलिमीटर. म्हणजे आपल्या विमानाचा पत्रा जवळजवळ तीन इंच जाड! पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा मिलिमीटर असेल, तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर होईल. ब्रशने ०.१ मिलिमीटर जाड रंग फासला, तर तो सात मिलिमीटरचा गिलावा झाला.

मॉडेल 'सुधारणं' म्हणजे काय, तर ही न भागली गेलेली जाडी हाताने कमी करत जाणं. पंखाच्या कडा आतून घासून धारदार करायच्या, रंग पातळ ठेवायचा, फटी बुजवायच्या. एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानात हाताची मूठ जवळपास आत जाईल एवढी भेग. अशा विमानात तुम्ही बसाल का?

फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स कामी आलं

किटच्या डब्यात सगळे भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग हाताने पिरगळून तोडायचे नाहीत, कटरने थोडं लांबून कापायचे आणि उरलेला ठोंब पात्याने सपाट करायचा. त्याआधी सगळी चौकट भांडी घासायच्या साबणाने धुवायची, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश राहिला तर त्यावर रंग धरत नाही. (आमच्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये मी विमान धुतोय, ही बातमी पाच मिनिटांत मेसपर्यंत पोचली होती.)

आता एक महत्त्वाची गोष्ट. मिग-२१ तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली आणि दोन मध्याजवळ. मॉडेल आतून पोकळ असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे जाऊ शकतो आणि विमान शेपटीवर बसतं. माझं पहिलं मॉडेल असंच बसलं होतं, पोट भरलेल्या बेडकासारखं! म्हणून या वेळी दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी सगळं चिकटपट्टीने बांधलं, पेन्सिलीवर तोललं आणि केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर वजन केलं. वजन भरलं २४ ग्रॅम, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या १० मिलिमीटर मागे. वजन ठेवायला जागा चाकांच्या साधारण ६० मिलिमीटर पुढे. मोमेंट घ्या. २४ × १० = २४०, भागिले ६०, म्हणजे कमीत कमी ४ ग्रॅम. रंग आणि बारीकसारीक भाग अजून लागायचे होते, म्हणून ६ ग्रॅम धरले. सायकलच्या दुकानात मिळणारा पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा असतो. सहा छर्रे घेतले. दोन नाकातल्या शंकूत बसवले, उरलेले कॉकपिटच्या तळाखाली. आयुष्यात पहिल्यांदा मेकॅनिक्सचं गणित सोडवून त्याचं उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं पाहिलं.

शंकूचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. मिग-२१ च्या नाकाला मोठं भोक असतं आणि त्यात मधोमध टोकदार शंकू. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं, पण इंजिनाच्या कॉम्प्रेसरला हवा ध्वनीपेक्षा कमी वेगाचीच लागते. शंकूच्या टोकापासून निघणाऱ्या तिरप्या शॉक वेव्हमुळे हवेचा वेग टप्प्याटप्प्याने कमी होतो. वेग वाढला की शंकू पुढे सरकतो, जमिनीवर उभ्या विमानात तो पूर्ण मागे असतो. शिवाय रडारही त्याच्याच पोटात. मॉडेलमध्ये हा शंकू अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेला तरी समोरून विमान तिरळं दिसतं. मी कागदाची गोल पट्टी फटीत सगळीकडून सारखी बसते का हे पाहून मगच तो चिकटवला.

सांधा

प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट हा खरं म्हणजे गोंद नाहीच. तो द्रावक आहे. पॉलिस्टायरीनचे दोन भाग एकमेकांना धरून फटीला ब्रशचं टोक लावलं, की केशाकर्षणाने तो आत ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि उडून जातो. मागे राहतं एकसंध प्लास्टिक. म्हणजे हे वेल्डिंग झालं! भाग जरा दाबून धरले तर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वरंबी बाहेर येते. ती दिसली की खूश व्हायचं, कारण फट भरली. एक दिवस वाळू द्यायचं आणि मग घासायचं.

पंख चिकटवताना घाई करू नका. मिग-२१ चे पंख आडवे नसतात, ते टोकाकडे साधारण दोन अंश खाली झुकलेले असतात. एवढ्याशा पंखावर दोन अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. ग्राफ पेपरवर विमान ठेवून दोन्ही टोकांची उंची मोजायची, शेपटीचा उभा पंख सेटस्क्वेअरला लावून बघायचा. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

फट राहिलीच तर पुट्टी भरायची. पुट्टी वाळताना आक्रसते, म्हणून एकदा जाड थापण्याऐवजी दोनदा पातळ. मग पॉलिश पेपर. ४०० पासून सुरू करून ६००, १०००, २००० असं चढत जायचं, आणि पाणी लावून घासायचं म्हणजे धूळ नाकात जात नाही. सांधा गेला असं वाटलं की त्यावर करड्या प्रायमरचा हात मारायचा. प्रायमर फार प्रामाणिक असतो. जे ओरखडे पांढऱ्या प्लास्टिकवर दिसत नव्हते ते सगळे व्हायवाला बसल्यासारखे समोर येतात. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. माझ्या पाठीवरच्या त्या एका सांध्याला अकरा दिवस गेले. घासताना पत्र्याच्या जोडाच्या बारीक रेषा पुसल्या जातात, त्या सुईने पट्टीच्या आधारे परत कोरायच्या. त्यातही जपून! ०.३ मिलिमीटरची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरचं गटार.

रंग आणि त्यापुढे

शेवटच्या वर्षांतल्या मिगच्या फोटोंत करडा रंग दिसतो, तोच मी घेतला. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करायचा आणि तीन-चार पातळ हात द्यायचे. एअरब्रश असेल तर उत्तम, माझ्याकडे दोस्ताचा उसना होता. एक युक्ती सांगतो. खऱ्या विमानाचाच रंग छोट्या मॉडेलवर लावला की तो गडद वाटतो. मोठी वस्तू आपण लांबून पाहतो, मधल्या हवेमुळे ती किंचित फिकी दिसते. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळायचा.

मग चकचकीत व्हार्निश, आणि त्यावर पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, म्हणजे डेकल्स. केशरी, पांढरं, हिरवं असं आपलं गोल चिन्ह, शेपटीवरचा झेंडा, नंबर. व्हार्निश आधी का? खडबडीत रंगावर डेकल लावलं तर खाली हवा अडकते आणि ते चंदेरी चमकतं. त्यानंतर पातळ केलेला गडद ऑईल पेंट रेषांमध्ये सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि शेवटी मॅट व्हार्निश.

दोन होस्टेल-छाप जुगाड. नाकावरची लांब पिटो नळी प्लास्टिकची असते आणि हमखास मोडते. तिच्या जागी मी एकात एक बसणाऱ्या दोन नव्या इंजेक्शनच्या सुया लावल्या, टोकं बोथट करून. आणि स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून हळू ओढला, की केसाएवढी तार निघते. ती अँटेनाला लावायची.

कॉकपिटची काच मात्र सुपरग्लूने कधीही चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर बसून पांढरा धुरकट थर देते आणि तीन महिन्यांची मेहनत मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. काचेला आपला साधा फेविकॉल. वाळल्यावर पारदर्शक होतो. आत बसवलेली सीट दिसावी म्हणून मी काच उघडी ठेवून चिकटवली.

आणि हो, थिनर वापरताना खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, आणि मेणबत्ती त्याच्या आसपाससुद्धा नको. रेक्टर सरांनी वास आल्यावर दोनदा दार वाजवलं होतं. दुसऱ्या वेळी मात्र ते अर्धा तास बसून विमान बघून गेले.

मामांची तपासणी

दिवाळीच्या सुट्टीत तयार नव्हतं, जानेवारीत झालं. बुटाच्या खोक्यात कापूस घालून नाशिकला नेलं. मामांनी चष्मा लावला, विमान तळहातावर घेतलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं. मी वाट बघत होतो की त्या अकरा दिवसांच्या सांध्यावर कधी बोट जातंय. गेलंच नाही. मग एकदम म्हणाले, "काय रे, पायलट चढणार कुठून?"

मला कळेना.

"शिडी डावीकडून लागते. झाकण उजवीकडे कलतं. तू ते डावीकडेच उघडलंयस. शिडी लावून माणूस काचेवर आपटेल की!"

सूचनांचा कागद घडी करून ठेवला होता आणि शेवटचा भाग मी आठवणीवर केला होता. तीन महिने मी मिलिमीटरचे दशांश मोजत होतो, आणि माणूस आत कसा शिरतो हे एकदाही विचारलं नव्हतं. मामांनी ते पहिल्या दोन मिनिटांत विचारलं, कारण त्यांच्यासाठी ते कधीच शोपीस नव्हतं. त्यात कुणीतरी बसणार, हे धरूनच त्यांनी पंचवीस वर्षं बोल्ट आवळले होते.

सुदैवाने फेविकॉल पाण्याने सुटतो. ओला कापूस लावून रात्री काच काढली आणि उजवीकडे बसवली. टॉर्च मामांनी धरला. त्या तासाभरात टाईप ७५ बद्दल ते जेवढं बोलले तेवढं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. विमान आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

परतताना बसमध्ये त्या सांध्याचा विचार आला. तो मामांना दिसला नाही, म्हणजे तो जमला होता. चांगलं झालेलं काम असंच दिसेनासं होतं. चुकलेलं मात्र जाणकाराला लगेच दिसतं, आणि ते सांगणारा माणूस घरात असणं हे नशीब.

तर ज्युनिअर मंडळींनो, कुणाला सुरुवात करायची असेल तर एक छोटं १:७२ चं किट, एक कटर, चार पॉलिश पेपर आणि भरपूर सबुरी घेऊन या. खोलीचं दार उघडंच असतं (थिनरमुळे). फक्त एक करा. काहीही चिकटवण्याआधी सूचनांचा कागद शेवटपर्यंत वाचा, आणि ज्याने ती वस्तू खरी हाताळली आहे असा माणूस भेटला, तर त्याला आधी विचारा.