मध्यम लहरींवरील ग्रामीण सूर

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन तालुके. एक घोड नदीकाठच्या बाजारपेठेसाठी ओळखला जाणारा, दुसरा भीमेच्या आणि लोहमार्गाच्या आधाराने वाढलेला. पुणे शहरापासून ६५ ते ८० किलोमीटरांवर असलेल्या या गावांशी शहराचा आवाज रोजच्या रोज जोडला गेला तो २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्या दिवशी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. या केंद्राचा इतिहास लिहिताना शास्त्रीय संगीत आणि १९५५ साली सुरू झालेले 'गीतरामायण' यांचा गौरवाने उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि याच केंद्राने ग्रामीण श्रोत्यासाठी जे केले, त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

१९५२ साली नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. चित्रपटगीतांविषयीची त्यांची नापसंती प्रसिद्ध आहे. त्या धोरणामुळे श्रोता सिलोनकडे वळला आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली, हे सर्वज्ञात आहे. परंतु आकाशवाणीने लोकसंगीताला नियमित वेळ दिल्यामुळे पोवाडा, लावणी, भारूड, गोंधळ, ओवी यांना ध्वनिक्षेपकासमोर मानाची जागा मिळाली, हेही मान्य केले पाहिजे. ज्या कलेकडे पांढरपेशा समाज नाके मुरडीत होता, ती त्याच्याच दिवाणखान्यात जाऊन पोहोचली. दौंड तालुक्यातील चौफुल्याची संगीतबारी किंवा जत्रेतला तमाशा पाहण्यास जो शिक्षक कधी गेला नसता, तो ढोलकीची थाप घरी बसून ऐकू लागला.

दूरच्या अमेरिकेतही असेच घडले होते. नॅशव्हिल येथे एका विमा कंपनीने १९२५ साली मध्यम लहरींवर केंद्र काढले आणि खेड्यापाड्यांतील गाणाऱ्यांना त्यावर बोलाविले. त्या कार्यक्रमातून पुढे एका संगीतप्रकाराचा मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि तो कार्यक्रम आजही चालू आहे. आपल्याकडे ग्रामीण संगीत सरकारी केंद्रावर आले. त्यामुळे त्याला प्रतिष्ठा मिळाली, पण कायमचा आश्रयदाता मिळाला नाही.

पुणे केंद्राचे दुसरे कार्य याहूनही महत्त्वाचे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ते ऐकावेत, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ही योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ यांनी तिची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात इतर गावांच्या तुलनेने स्पष्ट वाढ झाल्याचे त्यांना आढळले. ऐकणाऱ्याला बोलण्याचाही अधिकार असतो, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. दुर्दैवाने तिच्यातील चैतन्य पुढे टिकले नाही.

आज मध्यम लहरींचेच भवितव्य धोक्यात आहे. गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने देशातील अनेक मध्यम लहरी प्रक्षेपक बंद केले. या यंत्रांना वीज फार लागते आणि जुने सुटे भाग मिळत नाहीत, हा युक्तिवाद खोटा नाही. पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडखळतात. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पसरतात. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर शिरूर-दौंडच्या शिवारापर्यंत पोहोचली ती याच गुणामुळे. मोबाइलवर सर्व काही ऐकता येते असे म्हणणाऱ्यांनी, आपल्या तालुक्याची भाषा आणि आपल्या तालुक्याचे प्रश्न त्यात किती असतात, याचाही विचार करावा. २०२३ च्या जून महिन्यात पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा लोकांनी विरोध केला आणि तो स्थगित झाला. श्रोता जागा असला की केंद्र वाचते, हाच त्याचा अर्थ.

म्हणून दोन गोष्टी अगत्याच्या वाटतात. पहिली, जुन्या लोकसंगीताच्या ध्वनिफितींची कलावंत व तालुकावार सूची करून त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात. दुसरी, २००६ च्या धोरणाने संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे काढण्याची मुभा दिली आहे. बारामतीच्या 'वसुंधरा वाहिनी'ने असे केंद्र चालवून दाखविले. शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांनीही तो मार्ग विचारात घ्यावा. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या गोंधळ्याचे, वाघ्या-मुरळीचे आणि जात्यावर गाणाऱ्या आजीचे सूर टिपून ठेवावेत. ते गाणारे कंठ थकत चालले आहेत, आणि हे काम पुढच्या पिढीवर सोपविण्याइतका अवधी आता उरलेला नाही.